खरेदीचा तपशील : नाव मागावे की काम?

गृहनिर्माण संस्थेचा पाण्याचा पंप निकामी झाला, शाळेला बाके घ्यावयाची असली किंवा बांधकामासाठी सळया हव्या असल्या, की बहुतेक चर्चा भावाभोवती फिरते. तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. परंतु नेमके काय हवे आहे हे लिहून दिले नसेल, तर ती तीन दरपत्रके तीन वेगळ्या वस्तूंची असू शकतात. मागणीच्या या लेखी वर्णनाला व्यवहारात ‘स्पेसिफिकेशन’, तर कार्यालयीन मराठीत ‘विनिर्देश’ म्हणतात. त्याचे पाच प्रकार प्रचलित आहेत. वस्तू कामास आली नाही तर जबाबदारी कोणाची, हे बऱ्याच अंशी या प्रकारावर अवलंबून असते.

ब्रँडचे नाव

अमुक कंपनीचे अमुक मॉडेल मागणे सर्वांत सोपे. सुटे भाग किंवा जुन्या यंत्राला जुळणारी वस्तू घेताना ते योग्यही ठरते. मात्र मालविक्री अधिनियम, १९३० मधील कलम १६ ध्यानात ठेवावे. खरेदीदाराने आपला हेतू विक्रेत्याला कळवला आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या हेतूसाठी योग्य असावा, ही अट विक्रेत्यावर गर्भितपणे लागू होते. वस्तू केवळ तिच्या व्यापारी नावाने मागवल्यास हे संरक्षण सामान्यतः मिळत नाही. निवड खरेदीदाराची, म्हणून परिणामही त्याचा, असे हे तत्त्व आहे.

सार्वजनिक पैशाच्या खरेदीत आणखी एक बंधन येते. केंद्र सरकारच्या ‘सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७’ नुसार मागणीचे वर्णन शक्यतो वस्तुनिष्ठ, कार्याधारित व मोजता येण्याजोगे असावे आणि विशिष्ट ब्रँडची अट टाळावी, असे अपेक्षित आहे.

नमुना

कापडाचा पोत, फरशीची छटा, छपाईचा कागद यांचे शब्दांत वर्णन करणे कठीण असते. तेथे नमुना मंजूर करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात व तो जपून ठेवावा. याच अधिनियमाच्या कलम १७ नुसार सर्व माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि तो पडताळून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे.

प्रमाणित मानक

भारतीय मानक ब्यूरोची मानके सामान्य खरेदीदाराला तयार तपशील पुरवतात. मात्र केवळ मानकाचा क्रमांक लिहिणे पुरेसे नसते. काँक्रीटमधील सळयांसाठी आयएस १७८६ हे मानक आहे. त्यातील ‘एफई ५००’ आणि ‘एफई ५००डी’ या दोन्ही श्रेणींचे किमान यील्ड प्रतिबल सारखेच, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन आहे. परंतु तुटण्यापूर्वी होणारी किमान लांबीवाढ पहिलीत १२ टक्के, तर दुसरीत १६ टक्के अपेक्षित आहे. भूकंपप्रवण भागात हा फरक मोलाचा ठरतो. म्हणून मानकासोबत श्रेणी लिहावी आणि आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासावा.

घडणीचा तपशील

लांबी, रुंदी, लाकडाचा प्रकार, जोडकामाची पद्धत असे सर्व काही खरेदीदार ठरवतो. बाके, कपाटे, जाळ्या अशा कामांना हा प्रकार शोभतो. मात्र सुताराने आराखड्याप्रमाणे बाक केले आणि ते मुलांना उंच पडले, तर दोष आराखडा देणाऱ्याचा.

कामगिरीचा तपशील

येथे वस्तू कशी असावी हे न सांगता तिने काय करावे हे सांगितले जाते. पंपासाठी हा प्रकार सर्वांत उपयुक्त. ४० सदनिका, प्रत्येकी ५ माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर या हिशेबाने इमारतीला २७,००० लिटर पाणी लागते. ते ३ तासांत चढवायचे तर ताशी ९,००० लिटर प्रवाह हवा. इमारतीची उंची व नळातील घर्षण धरून एकूण हेड ३० मीटर असेल, तर निव्वळ पाणी उचलण्यास सुमारे ७३५ वॅट, म्हणजे जवळपास १ अश्वशक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के असेल तर २ अश्वशक्ती पुरेल. ३५ टक्के असेल तर सुमारे ३ लागतील आणि वीजबिल कायमचे वाढेल. म्हणूनच केवळ ‘२ अश्वशक्तीचा पंप’ ही मागणी अपुरी आहे. ‘३० मीटर हेडला ताशी ९,००० लिटर, कार्यक्षमता किमान ५० टक्के’ असे लिहावे.

चाचणीही आधीच ठरवावी. वरच्या टाकीचा तळ ३ बाय २ मीटर असेल, तर बाहेर जाणारे नळ बंद ठेवून १० मिनिटांत पाणी २५ सेंटिमीटर चढले पाहिजे. हे घड्याळ आणि पट्टी घेऊन कोणालाही तपासता येते.

दोन प्रकार एकत्र करताना सावध राहावे. प्रवाहाबरोबर मोटारची अश्वशक्ती आणि मॉडेलही खरेदीदारानेच ठरवले, तर ‘सांगितले तेच दिले’ म्हणण्यास विक्रेता मोकळा होतो. ज्या बाबीचे ज्ञान आपल्याकडे आहे, तिची घडण ठरवावी. जेथे ते विक्रेत्याकडे आहे, तेथे काम मागावे. आपला हेतू मात्र मागणीपत्रात लेखी नोंदवावा.