महामारीतील बाळंतपण (साक्री तालुका)

करोना साथीच्या काळात (२०२०–२२) धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात गर्भवती व ओल्या बाळंतिणींपुढे उभी राहिलेली परिस्थिती. या भागातले बाळंतपण एका जागी होत नाही: पहिलटकरीण माहेरी जाते, अडलेली बाई धुळ्याला जाते आणि पश्चिम पट्ट्यातल्या अनेक आदिवासी बाया दिवस गेलेले असतानाही ऊसतोडीला जातात. साथीने नेमके हे जाणे-येणेच अडवले.

तालुक्याला नाशिक व नंदुरबार जिल्हे आणि गुजरातची हद्द लागते. त्यामुळे सटाणा किंवा नवापूरकडचे माहेर म्हणजे परजिल्हा. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि लेकीला आणायलाही पास काढावा लागू लागला. राज्यातली ई-पासची अट सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीस उठली. तोवर पाच-सहा महिने निघून गेले होते, आणि नवव्या महिन्यातल्या बाईला थांब म्हणता येत नाही. शेजारचे मालेगाव तेव्हा साथीचे मोठे केंद्र असल्याने तिकडून येणाऱ्याकडे गाव संशयाने पाही.

साक्री व पिंपळनेर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. गुंतागुंतीची प्रसूती मात्र साक्रीहून पन्नासेक किलोमीटरवरच्या धुळ्यातील भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवली जाते. करोनारुग्णांचा भारही तिथेच होता, आणि ‘सिव्हिलला गेलो तर लागण होईल’ ही धास्ती बिनबुडाची म्हणता येत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचलही (आगाऊ मजुरी) त्या जोडीच्या नावावर असते. बाई बसली की कोयता मोडतो. दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात खानदेशातून जाणारी ही वाट साथीपेक्षा कितीतरी जुनी आहे. हंगाम संपता संपता टाळेबंदी आली. अशा वेळी बाईची नोंद एका राज्यात, तपासणी दुसऱ्या राज्यात आणि पोषण आहार तिसऱ्याच कुणाच्या यादीत, असा घोळ होतो.

गावात भार आशाताईंवर पडला. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी बाळाला घरी जाऊन पाहणे हे त्यांचे ठरलेले काम. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप व ऑक्सिजन मोजण्याचे काम त्यांच्याच गळ्यात आले. अंगणवाड्या बंद झाल्याने आदिवासी भागातला अमृत आहार योजनेचा गरम चौरस घास थांबला आणि कोरडा शिधा घरी आला. घरी आलेला शिधा सगळ्या घराचा होतो. बाळंतिणीच्या वाट्याला किती येतो, हे वेगळे सांगायला नको.

सव्वा महिन्याची सुवेराची खोली म्हणजे एका अर्थी विलगीकरणच. पण बाळ बघायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवणे सासूला जड गेले. बाधित आईनेही मुखपट्टी लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे, असाच वैद्यकीय सल्ला होता. गर्भातच नाळेतून संसर्ग झाल्याचे उदाहरण पुण्याच्या ससून रुग्णालयाने २०२० मध्ये नोंदवले, तरी असे प्रसंग विरळाच.

धोका खरा होता तो आईला. १९१८ च्या इन्फ्लुएंझातही गर्भवतींना जबर फटका बसला होता. मुंबईच्या नायर रुग्णालयातील नोंदींत बाधित गर्भवती व बाळंतिणींचे मृत्युप्रमाण करोनाच्या पहिल्या लाटेत ०.७ टक्के, तर दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के आढळले. स्तनदा मातांना लस मे २०२१ मध्ये, तर गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी खुली झाली. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती.