भोक असेल तर धागा वर

सोलापुरी चादरीवरचा मोर आधी पुठ्ठ्यावर असतो, आणि तिथे त्याची दोनच अक्षरं असतात: भोक आहे, भोक नाही.

१८७७ साली सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली. ‘जुनी मिल’ म्हणून शहर तिला ओळखतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात माग थाटले, पुढे हातमागांच्या जोडीला यंत्रमाग आले. चादरीची नक्षी मात्र मागावर बसवलेल्या जेकार्ड यंत्राची. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकारने १८०४ मध्ये ही जुळणी केली आणि त्याचं आडनावच यंत्राला चिकटलं.

बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक पुठ्ठा पुढे सरकतो. त्यावर सुयांची रांग टेकते. समोर भोक असेल तर सुई आरपार जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागाही वर येतो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा जातो. पुढचा पुठ्ठा. शेकडो ‘जर’ आणि शेकडो ‘तर’ एका खटक्यात निकाली निघतात. सोलापूरच्या गल्ल्यांत हा हिशेब संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

मागाला एक गोष्ट मात्र जमत नाही. विणलेलं पाहून पुढचा पुठ्ठा निवडणं त्याच्या हाती नाही. पुठ्ठ्यांची माळ गोल फिरते, शेवटच्यानंतर पहिलाच येतो. चार्ल्स बॅबेजने जाकारचे पुठ्ठे आपल्या गणनयंत्रासाठी घेतले तेव्हा ही उणीव भरून काढली: आलेल्या उत्तराप्रमाणे माळ मागे-पुढे नेण्याची सोय त्याच्या आराखड्यात होती. यंत्र पुरं झालं नाही. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्यावर लिहिताना विणकामाचीच उपमा वापरली.

हीच सोय शब्दांत पाहायची तर: २००१ मध्ये स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरच्या नाटकासारखी दिसणारी प्रोग्रॅमिंगची भाषा रचली. पात्रं म्हणजे आकडे साठवायच्या जागा. कौतुकाचं नाम एक, शिवीचं उणे एक, आणि जोडलेलं प्रत्येक विशेषण किंमत दुप्पट करतं. एक पात्र दुसऱ्याला विचारतं, तू माझ्याहून सरस आहेस का? उत्तर होकारार्थी असेल तर अमुक प्रवेशाकडे जाऊ, असा पुढचा संवाद येतो आणि नाटक तिथे उडी मारतं. बॅबेजला हवी होती तीच ही उडी.

सोलापूरच्या माळेत अशी उडी नाही. म्हणून एक भोक चुकलं, की नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा मोराच्या पिसाऱ्यात त्याच जागी तो चुकार धागा दिसतो.