शिवलेली होडी

नांदुऱ्याच्या कडेने ज्ञानगंगा वाहते. ती बुलढाण्याच्या डोंगरांतून उतरते व पुढे पूर्णेस मिळते. पूर्णा तापीस मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्रास. नकाशावर बोट फिरवून पाहिले तर श्रावणात या काठावरून सोडलेले पळसाचे पान थेट अरबी समुद्रात जाऊन पडावे असे वाटते. प्रत्यक्षात वैशाखात पान भिजण्याइतके पाणी मिळाले तरी पुष्कळ! तेव्हा शिडाची होडी कशी बांधतात याच्याशी नांदुऱ्याच्या मनुष्यास काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदीच गैर नव्हे.

परंतु हा संबंध दिसतो तितका दूरचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि वऱ्हाडचा कापूस गठ्ठ्यांनी मुंबईस जाऊ लागला. तेथील बाजारात त्यास 'उमरा' असे नावच पडले होते. शीड म्हणजे अखेर जाड विणलेले सुती कापडच होय. दुसरा संबंध याहून जुना आहे. नांदुऱ्याच्या नैर्ऋत्येस सरळ रेषेत सुमारे ५० मैलांवर अजिंठ्याची लेणी आहेत आणि त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका गलबताचे चित्र आहे. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पोटात, कोणा चितारी भिक्षूने वा कारागिराने गलबत रंगवावे हे नवलच. ज्या कथेसाठी ते रंगवले ती कथा पूर्ण नावाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची आहे. तो पुढे भिक्षू झाला आणि चंदनासाठी समुद्रावर गेलेला त्याचा भाऊ वादळात सापडला असता त्याने त्यास वाचवले, असे ती सांगते. नांदुऱ्याजवळच्या नदीचे नाव पूर्णा आणि अजिंठ्याच्या नाविकांचा त्राता पूर्ण, हा निव्वळ योगायोग होय. पण गोड योगायोग आहे.

चित्रातील गलबतास तीन डोलकाठ्या व उभट आयताकृती शिडे आहेत. नाळेवर डोळा रंगवलेला आहे. मागे पाण्याचे रांजण मांडलेले दिसतात आणि सुकाणूच्या जागी लांब वल्हे आहे. चिताऱ्याने इतके सारे टिपले. पण फळीला फळी कशाने जोडली ते मात्र त्याने दाखवले नाही. होडी बांधणाऱ्याच्या दृष्टीने सारा प्रश्न तेथेच आहे. लाकूड कोणीही तासतो, कापड कोणीही शिवतो. दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून समुद्र आत येऊ न देणे हीच खरी विद्या.

या किनाऱ्यावर ती विद्या दीर्घकाळ सुईदोऱ्याची होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या प्रवासवर्णनात सोपारा व कल्याण या बंदरांची नावे येतात. त्याच वर्णनात इराणच्या आखाताकडून अरबस्तानास जाणाऱ्या शिवलेल्या नावांचाही उल्लेख आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझ बंदरात अशी तारवे पाहिली आणि ती त्यास मुळीच आवडली नाहीत. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात तर समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. कारण समुद्रातील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील! कारण विनोदी खरे, पण त्यावरून ग्रंथकारास हसण्याचे प्रयोजन नाही. सुतारांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या पक्का असतो. त्याचे कारण शोधण्याचे काम पंडितावर येते आणि तो सापडेल ते कारण देऊन मोकळा होतो.

खरी कारणे साधी आहेत. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि गंजलेला खिळा भोवतीचे लाकूडही खातो. काथ्या खाऱ्या पाण्यास दाद देत नाही. शिवाय जेथे धक्का नाही तेथे होडी लाटेबरोबर वाळूवर येऊन आपटते. खिळ्यांनी ताठ बांधलेली होडी अशा वेळी फुटते. शिवलेली होडी किंचित वाकते आणि पुन्हा मूळ रूपावर येते. मद्रासेस बंदर बांधले जाण्यापूर्वी जहाजावरील उतारूंना फेसाळत्या लाटांतून किनाऱ्यावर आणणाऱ्या मसुला नावा अशाच शिवलेल्या असत, आणि त्यांना आतून वाकांचा सांगाडाही नसे.

'युक्तिकल्पतरु'त सर्वांत लहान, म्हणजे 'क्षुद्रा' नौकेचे माप १६ हात लांब व ४ हात रुंद असे दिले आहे. एवढी होडी चारदोन माणसे घरच्या घरी बांधू शकतात. तिचा क्रम असा. प्रथम पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा, जमिनीवर सरळ बसवायचा. त्याच्या दोन टोकांस नाळ आणि वरामी उभी करायची. मग पठाणाच्या दोन्ही अंगांनी एकेक फळी चढवत जायचे. फळी वाकवायची तर तिला वाफेने वा उष्णतेने मऊ करावे लागते आणि ती गरम असतानाच दोघातिघांनी नेट लावून जागेवर दाबावी लागते. क्षणाचा उशीर झाला की लाकूड आपल्या मूळ स्वभावावर जाते. जागेवर बसलेल्या फळीच्या काठाने ओळीने भोके पाडायची. आतल्या बाजूने सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवायची आणि तिच्यावरून काथ्याची दोरी एकदा सरळ, एकदा तिरपी अशी ओढून घ्यायची. एक जण आत, एक बाहेर. टाका आवळण्यास हाताचे बळ पुरत नाही, लाकडी दांड्याचा पीळ द्यावा लागतो. शेवटी भोकांत खुंट्या व काथ्या ठोकून त्यावर राळ आणि तेल यांचा लेप द्यायचा. होडी पाण्यात पडली की लाकूड फुगते, काथ्याही फुगतो आणि सांधा आपोआप घट्ट होतो. आज ज्यांना प्रथम सांगाडा व मग त्यावर फळ्या हा क्रम ठाऊक आहे त्यांना विशेष वाटेल ते हे की, येथे आधी कवच तयार होते आणि वाक नंतर आत बसवले जातात. होडीचा आकार सुताराच्या डोळ्यात असतो, कागदावर नसतो.

असा सुतार तुटला म्हणजे काय होते, याचा कडवट अनुभव महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत सुमारे २० लहान युद्धनौका बांधावयास घेतल्या आणि रुई लैताव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिरास ३०० हून अधिक माणसांसह कामास लावले. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यास यातील धोका कळला. त्याने त्या मंडळींस आतून वळवून घेतले आणि ती काम टाकून निघून गेली. आरमार मात्र थांबले नाही. ते पुढे किनाऱ्यावरील माणसांच्याच हातांनी उभे राहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जो विचार आहे त्यात या अनुभवाची छाया दिसते. वारा असेल तरच उपयोगी पडणाऱ्या अवजड गुराबा बांधू नयेत, मध्यम आकाराच्या सजाव्यात, असे तो सांगतो. लाकडाविषयी तर त्याची आज्ञा अधिकच मननीय आहे. आंबा व फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. म्हणून त्यांस हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण झालेच तर धन्याच्या संमतीने, मोल देऊन न्यावे. आरमारास लाकडाची निकड असताना काढलेली ही आज्ञा आहे.

दरम्यान पोर्तुगीजांच्या आगमनानंतर लोखंडी खिळ्यांचा प्रघात वाढत गेला आणि शिवण मागे पडली. ती राहिली लहान होड्यांत. कोकणात एका खोडातून कोरलेल्या होडीच्या कडा उंच करावयाच्या, तर वरची फळी काथ्याने शिवून घेण्याची चाल टिकून होती. अशा अरुंद होडीस एका बाजूस दोन आडव्या दांड्यांवर एक ओंडका तरंगता ठेवतात. त्यास उलांडी म्हणतात. मद्रास सरकारच्या मत्स्य खात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली हिंदुस्थानातील होड्यांवर जो प्रबंध प्रसिद्ध केला त्यात या कोकणी होडीची नोंद आहे.

उलांडीचे मर्म शीड चढवल्याशिवाय कळत नाही. डोलकाठी उभी केली, तिच्यावर तिरके परबाण चढवले आणि त्रिकोणी शीड सोडले की वारा होडीस पुढे नेतो हे खरे. पण त्याच वेळी तो तिला आडवी लोटू पाहतो आणि उलथूही पाहतो. आडवे जाणे तळाच्या पठाणाने थोपवायचे. उलथणे थोपवावयास मोठ्या गलबतात नीरम भरतात. उलांडीच्या होडीत वारा फार झाला तर माणूसच दांडीवर जाऊन बसतो. डोलकाठी हातभर पुढे-मागे झाली तरी होडीचे वर्तन बदलते. फार पुढे असेल तर नाळ वाऱ्यापासून पळते. फार मागे असेल तर ती सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात दुखवते. चौकोनी शीड मागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालते, पण तिरक्या वाऱ्यावर त्याचा नाइलाज होतो. त्रिकोणी शीड वाऱ्याच्या बरेच जवळ जाऊ शकते. मात्र दिशा बदलताना ते लांब परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या अंगास न्यावे लागते आणि भर वाऱ्यात ते काम धाडसाचे असते. सुती शीड भिजले की त्याचे धागे फुगून वीण मिटते व ते वारा अधिक धरते. तसेच गुंडाळून ठेवले तर मात्र कुजते.

या सुईदोऱ्याने विसाव्या शतकात अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा डोके वर काढले. १९६३ साली इंग्लंडात एका वृत्तपत्राच्या पुरस्काराने 'मिरर' नावाची लहान शिडाची होडी निघाली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी तिची रचना केली होती. लांबी अवघी १० फूट १० इंच. सामान्य मनुष्याने घरातील साध्या हत्यारांनी ती बांधावी असा हेतू होता. त्यासाठी प्लायवुडच्या आयत्या कापलेल्या फळ्यांच्या काठांना भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने शिवायच्या; सांध्यावर काचतंतूची पट्टी आणि कृत्रिम राळ लावायची; राळ कठीण झाली की तारेची टोके कापून टाकायची. आधी कवच, मग आतले आधार. काथ्याच्या जागी तांबे आले आणि झाडाच्या राळेच्या जागी कारखान्यातली, एवढाच फरक. अशा ७०,००० हून अधिक होड्या जगभर झाल्या. त्या बांधणाऱ्यांपैकी कितीजणांस सोपाऱ्याचे नाव ठाऊक असेल!

अजिंठ्याच्या चित्राचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. २०२३ साली केंद्र सरकारचा सांस्कृतिक विभाग, भारतीय नौदल आणि गोव्यातील 'होडी इनोव्हेशन्स' यांनी त्या चित्रावरून खरे गलबत बांधण्याचे ठरवले. आराखडा नव्हताच, चित्रातील रेषांवरून मापे बांधावी लागली आणि प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यावर तपासावी लागली. शिवणीचे काम केरळच्या बाबू शंकरन या कारागिराच्या हाताखाली झाले. सारी विद्या त्याच्या व त्याच्या साथीदारांच्या बोटांत होती. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि पूर्वी मेकाँगच्या मुखाकडे गेलेल्या दर्यावर्दी कौंडिण्याचे नाव त्यास मिळाले. त्यावर यंत्र नाही. चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही यांवर चालणे नौदलाच्या खलाशांस नव्याने शिकावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. मार्को पोलोने ज्या जातीच्या तारवांना नावे ठेवली होती, त्याच जातीचे तारू त्याच समुद्रावरून सुखरूप पार झाले.

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव येथे मोठ्या धरणाचे काम पुष्कळ वर्षे चालले आहे. त्याच्या पाण्यापायी अनेक गावांना आपली जागा सोडावी लागणार हे ठरलेले आहे. ज्या शेतातून आज बैलगाडी जाते तेथे उद्या पैलतीर दिसेनासा होईल आणि या गावचा मनुष्य त्या गावच्या सोयऱ्याकडे जावयाचा तर त्यास होडी लागेल. सुतार नांदुऱ्यास आहेत. साग मेळघाटात आहे. शिडापुरता कापूस तर दाराशीच पिकतो. काथ्या तेवढा किनाऱ्यावरून आणावा लागेल, आणि टाका कसा आवळावा ते दाखवणारा मनुष्यही.