पाठ सांभाळून वजन उतरवताना

विरारजवळच्या आगाशी-नंदाखालपासून वटार, सत्पाळे, राजोडीपर्यंतच्या पट्ट्यात पाठदुखी ही काही नवी गोष्ट नाही. पानवेलींत आणि केळीच्या वाड्यांत वाकून केलेली कामे, पालेभाजीच्या जुड्या बांधताना घातलेली तासन्‌तास बैठक, मग टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने गाठलेला मुंबईचा बाजार, हा सगळा भार पाठीनेच वाहिला. त्या पिढीची पाठ दुखायची, पण अंगावर चरबी क्वचितच असायची. आज त्याच घरांतला माणूस विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर गर्दीत उभा राहून कापतो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि रात्री उशिरा जेवतो. पाठ अजूनही दुखतेच, त्यात पोटही सुटलेले असते. ही दोन दुखणी एकाच शरीरात भेटतात तेव्हा काय करायचे, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

विषय साधा वाटेल, पण त्याच्याकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण आहे. वजन उतरवण्याचे सल्ले बहुधा धडधाकट पाठ गृहीत धरतात. पाठीचे सल्ले ‘वजन कमी करा’ एवढ्या एका ओळीवर थांबतात. ते कमी करायचे कसे, आणि केलेला निश्चय चार आठवड्यांनी टिकवायचा कसा, हे त्या ओळीत नसते. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यांतल्या बहुसंख्यांच्या दुखण्याला बोट ठेवून दाखवता येईल असे एकच कारण सापडत नाही. तेव्हा वाचकांनी पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की व्यायाम सुटणे हा आळसाचा पुरावा नव्हे. बहुतेक वेळा तो भीतीने सुटलेला असतो. एकदा कंबर धरली, की पुढच्या वेळी वाकताना मन आधी कचरते आणि पाय मागाहून थांबतात.

या भीतीला जुन्या वैद्यकानेही हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. ‘पाठ धरली, पडून राहा’ हा सल्ला कित्येक पिढ्यांनी ऐकला. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, आणि दुखणे बरे होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. १९९५ साली फिनलंडमधल्या अभ्यासात तर अंथरूण न धरता झेपतील तशी रोजची कामे चालू ठेवणारेच लवकर सावरले. एमआरआयच्या अहवालालाही असेच तोलून वाचावे लागते. ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसते; ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते. म्हणजे अहवालातला ‘झीज’ हा शब्द वाचून चालणे सोडणे बहुतेकांच्या बाबतीत अकारण आहे.

शरीर हालते ठेवण्याच्या विद्येत महाराष्ट्राचे देणे मोठे आहे, आणि नव्या वाचकाला ते ठाऊक असावे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार राजवाड्यातून संस्थानाच्या शाळांत नेले. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि आसनांचा अभ्यास प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी सुरू केला. पुण्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या योगगुरू अय्यंगारांच्या संस्थेतली पट्टा, दोर, खुर्ची यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत पुढे अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या चाचण्यांत तपासली गेली, आणि गुणकारी ठरली. (पाठ दुखत असताना मात्र पुढे वाकणाऱ्या सूर्यनमस्काराने आरंभ करू नये, हे औंधकरांचा मान राखूनच सांगतो.) वजनाबाबत पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम वाचण्याजोगे आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून तसा असेलच असे नाही.

आता मूळ प्रश्न, उमेद टिकवण्याचा. या विषयात मला सर्वांत उपयोगी वाटलेला विचार सिएटलच्या विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाचा आहे. त्यांनी १९७०च्या दशकात पाहिले की जुनाट दुखण्याचा रुग्ण दुखेपर्यंत काम करतो आणि दुखले की थांबतो. बरे वाटले त्या दिवशी तो आठवड्याभराची कामे उपसतो आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. अशाने शरीराला धडा मिळतो तो एकच: हालचाल केली की शिक्षा होते. फोर्डाइस यांनी हे गणित उलटवले. आधी काही दिवस पाहायचे की सहज किती जमते. मग त्याहून थोडे कमी असे माप ठरवायचे आणि रोज तेवढेच करायचे. थोडे दुखले तरी तेवढेच, आणि अंगात उत्साह संचारला तरी तेवढेच. माप वाढवायचे ते ठरलेल्या दिवशी, थोडेथोडे. वाडीला शिंपण पाळीने मिळते, मालकाला हुरूप आला म्हणून नव्हे, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

चांगल्या दिवशी थांबणे हाच या शिस्तीतला अवघड भाग. वाचकांनी तिथेच स्वतःची परीक्षा घ्यावी.

या मापाला साजेसा व्यायाम म्हणजे चालणे. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेली एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत नेले. त्यांच्यात दुखणे पुन्हा उलटेपर्यंतचा मध्यक काळ २०८ दिवसांचा होता. असे मार्गदर्शन न मिळालेल्या गटात तो ११२ दिवसांचा. दुखणे कायमचे गेले असे कुणी म्हटले नाही, आणि म्हणूनच या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

वटारच्या वाचकाला वाटेल, किनारा हाकेच्या अंतरावर आहे, तिथेच चालू. अवश्य चाला, पण दोन गोष्टी जाणून. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे घट्ट ओली वाळू रोज ठरल्या वेळी मिळत नाही, आणि सवय तर ठरल्या वेळेवरच मुरते. शिवाय वाळूला उतार असतो. एकाच दिशेने दूरवर गेलात तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर तिरकी होते. म्हणून रोजचे चालणे वाड्यांमधल्या सपाट रस्त्यावर ठेवावे आणि किनारा रविवारचा. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा पडवीत किंवा घरातल्या घरात तेवढीच मिनिटे चालावे. जून उजाडण्याआधी हे ठरवून ठेवलेले बरे. सवय २१ दिवसांत लागते हा लाडका समजही सोडून द्यावा. लंडनमधल्या एका अभ्यासात मध्यक ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला अंदाजे फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत.

वजन मात्र चालण्याने फारसे उतरत नाही, हे आधीच ऐकून ठेवा. अर्ध्या तासाच्या चालीत साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. स्थानकाबाहेरच्या एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. वजन ताटात उतरते. चालणे पाठीसाठी आणि मनासाठी. ही विभागणी मान्य केली की चालूनही काटा हलला नाही म्हणून चालणे सोडण्याचे कारण उरत नाही. भात, मासळी, वाल, वाडीतली भाजी हे आपले रोजचे जेवण मुळात वाईट नाही. घोटाळा होतो तो रात्री दहानंतरच्या दुसऱ्या वाढपात, लग्नसराईच्या सलग पंगतींत आणि सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा उघडा ठेवण्यात. काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पायातली शक्ती जाणे, ताप, पडल्यानंतरची तीव्र वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा काही न करता घटणारे वजन यांपैकी काहीही असेल, तर वाचकांनी हे सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी उद्या सकाळी घड्याळ लावून सहज जमेल तेवढेच चालावे, ती मिनिटे दिनदर्शिकेवर लिहावीत, आणि पहिला महिना वजनकाट्यावर उभे राहू नये.