वाहनांवरील अक्षरे व चित्रे : जतन

वाहनावर रंगवलेली किंवा चिकटवलेली नावे, चिन्हे व चित्रे ओरखडे, घासणी आणि उन्हापासून टिकवण्याच्या पद्धती. उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड घेऊ. हे तालुक्याचे ठिकाण नागपूर–तुळजापूर महामार्गावर (क्र. ३६१) आहे. पैनगंगेच्या या पट्ट्यात ऊस, कापूस व हळद होते. शेतमाल वाहणाऱ्या ट्रॉली, टेम्पो व ट्रक यांवरची अक्षरे उन्हाने फिकी पडतात, पण मालाच्या घासणीने ती त्याआधीच जातात. उसाची कडक टोके फाळक्याच्या कडेला सतत घासतात आणि कापसाच्या गाठी किंवा पोती आवळताना दोर एकाच जागी रंग खरवडतो. म्हणून अक्षरांची जागा निवडणे हेच पहिले संरक्षण होय. दोराचे हूक, फाळक्याच्या कड्या आणि डिझेल टाकीचे झाकण यांपासून ती दूर असावीत. सांडलेल्या डिझेलने स्टिकरचा गोंद सैल होतो.

धूळ हे अक्षरे खराब होण्याचे दुसरे कारण. तिच्यातील गारेचे (क्वार्ट्झचे) कण रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याने पुसलेली गाडी तेवढ्यापुरती चकचकीत दिसते, पण प्रत्येक पुसण्याला बारीक ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी आणि मग मऊ ओल्या कापडाने पुसावे. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा जवळून कडेवर मारला तर स्टिकर उचकटतो. तो लांबून आणि सरळ समोरून मारावा.

‘रेडियम’च्या दुकानात कापलेली अक्षरे विनाइल फिल्मची असतात. लाटून केलेली स्वस्त फिल्म उन्हात आकसते, तिची कड मागे सरते आणि उघड्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ उमटते. ओतून केलेली, सुमारे ५० मायक्रॉन जाडीची कास्ट फिल्म महाग असली तरी पत्र्याच्या बाकावर नीट बसते आणि फारशी आकसत नाही. वरचे पारदर्शक लॅमिनेशन खालच्या फिल्मच्याच जातीचे हवे, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या आकसून कडा वळतात. टोकदार कोपरे लवकर उचलले जातात. कापतानाच ते गोल करावेत. पत्र्यावरील तेलकटपणा काढल्याशिवाय कोणतीही फिल्म टिकत नाही.

पेंटरने ऑइल पेंटमध्ये काढलेली अक्षरे घासणीला जास्त तग धरतात आणि खरवडली तरी तेवढाच भाग पुन्हा भरता येतो. खडबडीत ट्रॉलीसाठी हीच पद्धत योग्य. मात्र ताज्या ऑइल पेंटवर हार्डनर घातलेला क्लिअर कोट मारू नये. त्यातील तीव्र थिनरने खालचा रंग सुरकुततो. रंग पूर्ण कडक व्हायला काही आठवडे द्यावेत आणि आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी. काळा रंग उन्हात सर्वाधिक टिकतो. लाल व गुलाबी छटा लवकर उडतात.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीवर रंग, स्टिकर किंवा लॅमिनेशन चढवू नये. परावर्तक पट्ट्यांचेही तसेच. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर असलेली उसाची ट्रॉली मागच्या चालकाला त्या पट्टीमुळेच वेळेत दिसते. पट्टीवर वार्निश मारले, चिखल साचला किंवा पाचट लोंबले तर प्रकाश परत फिरत नाही. तिचा चिखल रोज धुवावा, माल भरल्यावर ती झाकली गेली नाही हे पाहावे, आणि तडे गेलेली पट्टी बदलावी.