शाळा जेव्हा अंगणात आली

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू तालुक्यात, कोसबाड नावाची एक टेकडी आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तिचे नाव ऐकलेले असेल, काहींनी ती पाहिलीही असेल. परंतु आज गावोगावी जिला आपण 'अंगणवाडी' म्हणतो, तिच्या जन्माची कथा या टेकडीशी आणि तिच्या पायथ्यापासून फार दूर नसलेल्या बोर्डी गावाशी जोडलेली आहे, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. या कथेचा एक धागा थेट रोम शहरातील एका चाळीपर्यंत आणि एका कॅथलिक स्त्रीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे तर आणखी थोड्यांना ठाऊक असते.

हा धागा उलगडून पाहावा असे आम्हांला वाटले, त्याला कारण आहे. मुलाला वाढविणे हे काम नेमके कोणाचे, हा प्रश्न आज आमच्या प्रत्येक घरात उभा आहे. आईबाप म्हणतात, 'शाळेला इतकी फी देतो, तिने पाहावे.' शाळा म्हणते, 'घरी लक्ष नाही.' धर्मग्राम दोघांकडे पाहत राहते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना, ज्यांनी तो आपल्या आधी सोडविण्याचा प्रयत्न केला त्यांच्याकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

रोममधील एक चाळ

६ जानेवारी १९०७. प्रभूच्या प्रकटीकरणाचा, म्हणजे आपल्या बोलीतील तीन राजांचा सण. त्या दिवशी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामगारांच्या एका चाळीच्या तळमजल्यावर लहान मुलांसाठी एक दालन उघडण्यात आले. त्याची सूत्रे होती डॉ. मारिया माँटेसरी यांच्या हाती. १८७० साली जन्मलेल्या आणि वैद्यकशास्त्राची पदवी मिळविलेल्या या बाईंनी तोवर मतिमंद मुलांच्या शिक्षणावर मोठे काम केले होते.

या दालनाचा आरंभ फार उदात्त हेतूने झाला, असे मात्र म्हणता येत नाही. वस्तीतील पडक्या चाळी एका कंपनीने दुरुस्त करून तेथे भाडेकरू बसविले होते. आईबाप दिवसभर कामावर जात. मोठी मुले शाळेत जात. आणि शाळेच्या वयाची न झालेली पोरे जिन्यांवर आणि भिंतींवर आपले उद्योग करीत. भिंती खराब होऊ नयेत म्हणून मुलांना एका खोलीत सांभाळावे, हा मालकांचा साधा हिशेब होता. त्या हिशेबातून जे उगवले ते मालकांच्या कल्पनेपलीकडचे होते. सुमारे पन्नास मुले जमली. त्यांच्या हाती योग्य साधने येताच ती एकाग्र होऊन काम करू लागली, हे पाहून माँटेसरीबाई स्वतःच चकित झाल्या.

या प्रयोगातील साधनांची चर्चा जगभर झाली; परंतु आमचे लक्ष वेधून घेते ती दुसरीच एक गोष्ट. या 'बालकांच्या घरा'ची नियमावली आईबापांना उद्देशून होती. फी काहीच नव्हती; पण मुलाला स्वच्छ करून पाठवावे, शिक्षिकेशी आदराने वागावे आणि आठवड्यातून एकदा तरी आईने शिक्षिकेला भेटून मुलाविषयी बोलावे, अशा अटी होत्या. शिक्षिका त्याच चाळीत राहत असे. म्हणजे ती पाहुणी नव्हती, शेजारीण होती. ही शाळा भाडेकरूंची सामाईक मालमत्ता आहे, असे माँटेसरीबाई आवर्जून सांगत. शाळा घरात आली होती, आणि घराला शाळेत बोलावणे आले होते.

पुढे त्यांनी बालकाच्या वाढीचे चार टप्पे मांडले : जन्मापासून सहा वर्षांपर्यंत, सहा ते बारा, बारा ते अठरा आणि अठरा ते चोवीस. पहिल्या टप्प्यात मूल भोवतालचे सारे जणू टिपकागदासारखे शोषून घेते. दुसऱ्यात ते कारणे विचारू लागते, सवंगड्यांच्या टोळीत रमते. तिसऱ्यात ते शरीराने आणि मनाने पुन्हा एकदा कोवळे होते, आणि त्याला समाजात स्वतःचे स्थान हवे असते. चौथ्यात ते प्रौढांच्या जगात पाऊल टाकते. एका टप्प्याला उपयोगी पडणारे औषध दुसऱ्याला चालत नाही, हे या मांडणीचे सार होय.

सात वर्षांचे मूल आणि ख्रिस्तसभा

सॅन लोरेन्झोतील दालन उघडल्याला साडेतीन वर्षे होत होती, तेव्हा त्याच रोम शहरातून आणखी एक निर्णय बाहेर पडला. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने, समजूत आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे ठरविले होते. परंतु कालांतराने 'समजूत' या शब्दाचा अर्थ ताणला गेला. कोठे दहा, कोठे बारा, कोठे चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबविण्यात येई. ८ ऑगस्ट १९१० रोजी परमगुरुस्वामी दहावे पायस यांच्या आज्ञेने निघालेल्या आदेशाने हे थांबविले. साध्या भाकरीत आणि ख्रिस्तप्रसादात भेद आहे एवढे ज्याला कळते, ते मूल तयार आहे. आणि हे वय साधारणतः सातवे वर्ष होय, असे त्यात म्हटले होते.

या आदेशातही आमच्या विषयाचे मर्म दडलेले आहे. मूल तयार झाले की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी बापावर आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर, अशी दोघांवर मिळून टाकण्यात आली. मूल एवढ्यावर शिकून संपले असेही मानले गेले नाही. वाढत्या वयाप्रमाणे धर्मशिक्षण पुढे चालू राहिले पाहिजे, असे बजावण्यात आले.

माँटेसरीबाईंचे शास्त्र आणि ख्रिस्तसभेचा हा आदेश यांत कोणी कोणाचे अनुकरण केले, असे आम्ही सुचवीत नाही. दोन्ही वाटा वेगळ्या होत्या. परंतु लहान मूल म्हणजे अपुरा प्रौढ नव्हे, त्याच्या वयाला त्याची स्वतःची पूर्णता आहे, हे दोघांनीही ओळखले होते, एवढे निश्चित.

भावनगरहून बोर्डीला

हे वारे आपल्या देशात यायला फार काळ लागला नाही. सौराष्ट्रातील गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या विचाराने ते माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले. वकिली सुटली आणि १९२० साली भावनगरला त्यांचे बालमंदिर सुरू झाले. मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरात १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक पुढील काही वर्षांत त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीबाई स्वतः १९३९ च्या नोव्हेंबरात मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे येथेच अडकून पडल्या. पण गिजुभाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तले होते.

बालमंदिरे निघाली, पण ती बहुधा शहरी मध्यमवर्गासाठी. साधने महाग, शिक्षिका थोड्या. खेड्यातील गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे प्राक्तन वाट्याला आलेल्या या बाईंनी शिकून शिक्षिकेचा पेशा पत्करला होता.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तेथे येत ना. बोलावणे धाडूनही उपयोग होईना. तेव्हा या दोघींनी साधे पण मोठे पाऊल उचलले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे जावे, असे म्हणून त्या वस्तीतच गेल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करावीत, त्यांना अंघोळ घालावी, नखे कापावीत, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात. साधने कोणती? शिंपले, बिया, पाने, दगड, माती. आया दारात उभ्या राहून पाहत; पाहता पाहता शिकत. अंगणात भरते म्हणून ती 'अंगणवाडी'. सॅन लोरेन्झोत शाळा चाळीच्या तळमजल्यावर आली होती. येथे ती छपराखालूनही बाहेर पडली.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेले. हा मुलूख शोषणाने पिचलेला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत. अशांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली, म्हणजे बोर्डीचे केंद्र निघाले त्याच वर्षी, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला होता. अशा घरातील बापाला 'मुलाला शाळेत पाठव' असे सांगणे सोपे होते. पण पोर शाळेत गेले तर गुरे कोण राखणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार, या त्याच्या सवालाला उत्तर देणे अवघड होते.

कोसबाडने या सवालाला अडाणीपणा म्हटले नाही. ती खरी अडचण मानली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहते ना? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणावीत, म्हणजे तिघेही एकत्र येतील. यातून 'विकासवाडी' उभी राहिली. मुलगा गुरांमागे जातो ना? मग शिक्षकानेही कुरणात जावे. गुरे चरतील, मुले शिकतील. यातून 'कुरणशाळा' निघाली. प्रत्येक वयाच्या मुलाला घराने जेथे गुंतवून ठेवले होते, तेथेच शाळा त्याला भेटली.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. अनुताईंनी काम पुढे नेले. १९९२ साली त्यांचेही देहावसान झाले. मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वशिक्षण एकत्र देणाऱ्या या योजनेच्या केंद्राचे नाव 'अंगणवाडी'. बोर्डीच्या वस्तीतील शब्द साऱ्या देशाचा झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, तेव्हा या साऱ्यांचे म्हणणे पुन्हा एकदा मान्य झाले.

आणि आमचे अंगण?

हा इतिहास वाचताना आम्हांला आमचेच अंगण आठवते. वाडीत सारी घरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. आई बाजाराला गेली तरी मूल एकटे नसे. काकी, मावशी, शेजारची आजी असे. कोणाचेही मूल चुकले तरी कोणीही दटावीत असे, आणि आईबाप त्याचा राग मानीत नसत. संध्याकाळच्या रोझरीला लहानमोठे एकत्र गुडघे टेकीत. या व्यवस्थेला कोणी शास्त्र म्हटले नाही. तिच्यात दोषही होते. मार होता, मुलींना लवकर कामाला जुंपणे होते. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण मूल साऱ्या वाडीचे आहे ही जाणीव तिच्यात होती.

आज अंगणाच्या जागी वाहनतळ आला आहे आणि दारे बंद झाली आहेत. वाडी परत आणणे आपल्या हाती नाही. सॅन लोरेन्झोच्या चाळीलाही अंगण नव्हते. तेथे ते माणसांनी ठरवून निर्माण केले. आमच्याकडे त्याची सामग्री तर फार जुनी आहे. स्नानसंस्काराच्या दिवशी ख्रिस्तसभा बालकाला धर्ममातापिता देते, ते भेटवस्तूंसाठी नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्ममातापिता होणाऱ्याचे वय सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झालेले असावे लागते, त्याचे दृढीकरण झालेले असावे लागते. कारण त्याच्याकडून काही काम अपेक्षित आहे. सातव्या-आठव्या वर्षीचा पहिला ख्रिस्तप्रसाद, पुढे दृढीकरण, त्यानंतरचे तरुणांचे मेळावे : वाढीच्या प्रत्येक टप्प्याच्या दाराशी धर्मग्राम उभेच असते. उणीव आहे ती एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मुलाचा हात धरून चालणाऱ्यांची. छायाचित्रे निघतात, जेवणावळी होतात, आणि बारा वर्षांच्या पोराला त्याचा धर्मपिता वर्षभरात एकदाही भेटत नाही.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात आईबापांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले. आणि त्याच ठिकाणी, या कामी त्यांना साऱ्या समाजाचे साहाय्य लागते, असेही सांगितले. आम्ही पहिले अर्धे वाक्य प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो. दुसरे अर्धे वाक्य आमच्यासाठी, म्हणजे शेजाऱ्यांसाठी, काकामावशांसाठी, धर्ममातापित्यांसाठी आहे.

कोसबाडच्या त्या दोन बायका मुले शाळेत का येत नाहीत म्हणून रागावून बसल्या नाहीत. त्या उठल्या आणि वस्तीत गेल्या. आमच्या धर्मग्रामात जी मुले रविवारच्या वर्गाला येईनाशी झाली आहेत, त्यांची घरे आम्हांला ठाऊक आहेत. तेथवरचे अंतर फार नाही.