एका पंखाचे दोन पंख

१९१८ साली हिंगोली हा निजामाच्या मुलखात परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. सहा वर्षांपूर्वी पूर्णेहून रेल्वे आली होती, कापूस बाहेर जात होता आणि काळ्या रानाचा शेतसारा हैदराबादच्या खजिन्यात जमा होत होता. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटिश हवाई दलाचं ११० क्रमांकाचं स्क्वाड्रन फ्रान्समध्ये दाखल झालं. त्याची पहिली विमानं निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतली होती आणि प्रत्येक विमानावर तसं लिहिलेलं होतं. स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हेच नाव मिळालं. ज्या खजिन्यात आपल्या आज्या-पणज्यांचा सारा गेला, त्याच खजिन्याच्या धन्याने ही विमानं दिली, हे मराठवाड्यात फारसं कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं.

ती डी.एच. ९ए जातीची बॉम्बफेकी विमानं होती. पुढे वैमानिक, मागे टेहळणी करणारा ऑब्झर्व्हर. याच घराण्यातल्या आधीच्या डी.एच. ४ मध्ये दोघांच्या मध्ये इंधनाची टाकी होती. इंजिनाच्या आवाजात आणि वाऱ्यात एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोहोचणं कठीण असे. पुढच्या विमानांत वैमानिकाला मागे सरकवून दोघांना जवळ बसवलं. तरी धोका दोघांनाही सारखाच राहिला. ऑक्टोबर १९१८ मधल्या एकाच स्वारीत या स्क्वाड्रनची सात विमानं परतली नाहीत.

मरण सारखं असलं तरी मान सारखा नव्हता, आणि ऑब्झर्व्हरने वैमानिक होण्याच्या प्रथेचं मूळ इथे आहे. युद्धाच्या सुरुवातीला विमान म्हणजे टेहळणीचं साधन. शत्रूच्या तोफा कुठे आहेत, फौज कुठे हलते आहे, हे पाहणं, नकाशावर टिपणं, फोटो काढणं आणि पुढे मशीनगन चालवणं ही सगळी कामं मागच्या आसनावरच्या माणसाची. खरं तर विमान त्याच्यासाठीच उडत होतं. पण ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये तुकडीचं नेतृत्व वैमानिकाकडेच जाई. १९१५ मध्ये ऑब्झर्व्हरला छातीवर लावायला बिल्ला मिळाला, तोही एकाच पंखाचा. वैमानिकाला दोन पंख. ज्याला वर जायचं होतं, त्याने पुन्हा शिकाऊ होऊन पुढच्या आसनावर जाणं हाच मार्ग होता. चार्ल्स पोर्टल १९१५ मध्ये ऑब्झर्व्हर म्हणून आला, पुढे वैमानिक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख होता. जेम्स मॅककडन तर मेकॅनिक होता. तिथून ऑब्झर्व्हर, तिथून वैमानिक, आणि अखेर व्हिक्टोरिया क्रॉस.

जर्मनांकडे चित्र उलटं होतं. तिथे मागे बसणारा अधिकारी विमानाचा प्रमुख असे आणि चालवणारा अनेकदा त्याच्या हाताखालचा. तरीही घोडदळातून ऑब्झर्व्हर म्हणून आलेल्या मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनने मागचं आसन सोडलं. एकट्याने केलेल्या पहिल्याच उड्डाणात उतरताना त्याने विमान मोडलं. परीक्षा पास व्हायला १९१५ चा नाताळ उजाडला. म्हणजे अधिकार हे एकच कारण नव्हतं. एकआसनी लढाऊ विमान आलं आणि त्यात ऑब्झर्व्हरला जागाच उरली नाही.

समुद्रावर मात्र ऑब्झर्व्हरचं वजन टिकलं. पाण्यावर डोंगर नाही, नदी नाही, रूळ नाहीत. दिशा काढणं, जहाज ओळखणं, बिनतारी संदेश पाठवणं हे दर्यावर्दी माणसाचं काम. म्हणूनच ब्रिटिश नौदलाची विमानं हवाई दलाच्या ताब्यात असतानाही त्यांतले ऑब्झर्व्हर नौदलाचेच अधिकारी असत. अमेरिकेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या नौदलाच्या हवाई खात्याचे प्रमुख विल्यम मॉफेट स्वतः १९२२ मध्ये ऑब्झर्व्हरचा अभ्यासक्रम पूर्ण करून आले. १९२६ च्या कायद्याने विमानवाहू जहाजाचं नेतृत्व वैमानिकाला किंवा ऑब्झर्व्हरला, दोघांनाही खुलं केलं.

आणि तरीही विल्यम हॉल्सीने जे केलं, ते मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. आयुष्य विनाशिकांवर काढलेला हा कॅप्टन. १९३४ मध्ये त्याला ‘साराटोगा’ या विमानवाहू जहाजाचं नेतृत्व देऊ केलं गेलं. अट एवढीच की ऑब्झर्व्हरचा अभ्यासक्रम करावा. नजर कमजोर, वय पन्नाशीपलीकडे. सोपी वाट समोर होती आणि कायद्याला तेवढी पुरेशीही होती. प्रशिक्षणासाठी पेन्साकोलाला गेल्यावर त्याने ती सोडली आणि वैमानिकाच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. दुसऱ्याच्या हातात जीव देऊन मागे बसण्यापेक्षा विमान आपल्याला चालवता यावं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या मुलांच्या वयाच्या शिकाऊंबरोबर उडून १५ मे १९३५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याने पंख मिळवले. अधिकार तर त्याला नाहीतरी मिळणारच होता.

१९६५ मध्ये अमेरिकेत ऑब्झर्व्हरचं नाव ‘नेव्हल फ्लाइट ऑफिसर’ झालं. त्यांच्यातून निवडक अधिकाऱ्यांना वैमानिकाचं प्रशिक्षण देण्याची रीत तिथे आहे.

आपल्याकडे ११ मे १९५३ रोजी कोचीनला ‘आयएनएस गरुड’ हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला. १९६१ मध्ये ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर तीन जणांचं आलिझे विमान आलं; पाणबुडी हुडकण्याचं त्याचं मुख्य काम वैमानिकासोबतच्या दोघांवर. आजच्या पी-८आय या टेहळणी विमानातही शोध चालतो तो आतल्या पडद्यांसमोर. स्त्रियांसाठी तर हे दोन आसनांमधलं अंतर दहा वर्षांचं ठरलं. २००९ मध्ये सीमा राणी शर्मा आणि अंबिका हुडा नौदलाच्या पहिल्या महिला ऑब्झर्व्हर झाल्या. त्यांना मागे बसता येत होतं, पुढे नाही. पुढचं आसन उघडलं आणि २ डिसेंबर २०१९ रोजी सब-लेफ्टनंट शिवांगी पहिली महिला वैमानिक झाली. ३ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमला आस्था पूनिया लढाऊ विमानांच्या शाखेत गेली.

आपल्याकडची खरी अडचण दाराशीच आहे. वैमानिकपदासाठीची कल चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ऑब्झर्व्हरच्या पदाला आता ‘नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर’ म्हणतात आणि जाहिरातीत ते वेगळंच दिलेलं असतं. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याची, सेनगावची, कळमनुरीची मुलं संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत तयारीला जातात. मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. या दोन पदांतलं कुठलं निवडायचं हे त्यांना पुढे ठरवावं लागतं, आणि हॉल्सीसारखी वाट मध्येच बदलता येईल या भरवशावर ते ठरवू नये, एवढं त्यांना शिक्षकांनी आधी सांगितलं पाहिजे.